दांडी खाली, तरी चाक अडलेले



खंडेनवमी आली की आपल्याकडे सगळी अवजारे बाहेर निघतात. नांगर, पाभर, विळे-कोयते धुऊनपुसून मांडले जातात, ट्रॅक्टरला झेंडूचा हार पडतो आणि पावसाळाभर गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी मोटारही धुवायला काढली जाते. नेमक्या याच सुमारास दर वर्षी मला कुणी ना कुणी गाठतोच. "साहेब, हँडब्रेक सोडला, दांडी पार खाली गेली, पण मागचं चाक काही सुटत नाही. काय करावं?"

शेतीखात्याच्या माणसाला हे का विचारावे, असे कुणी म्हणेल. पण जुन्या गाड्यांतून खेडोपाडी हिंडण्यातच माझी नोकरी गेली आहे, आणि चिखलात अडकलेल्या गाडीला मेस्त्री मिळत नाही हे मला चांगले ठाऊक आहे. शिवाय या प्रश्नाला गावोगाव जे एक उत्तर दिले जाते, त्याची मला धास्ती वाटते. ते उत्तर म्हणजे, "केबल ढिली करून टाका, चाक सुटेल."

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीवरची जुनी लहान मोटार जेष्ठापासून आश्विनापर्यंत हँडब्रेक ओढून उभी होती. दसऱ्याला काढायला गेले तर मागचे डावे चाक जाम. पोराने पहिला गियर टाकून इंजिन तापेपर्यंत रेटले, तेव्हा कुठे 'खट' असा मोठा आवाज होऊन गाडी हलली. पण चालताना जड लागू लागली आणि करपट वास येऊ लागला. बाजाराच्या गावातल्या एका मेस्त्रीने ड्रम उघडलाच नाही. जुळवणीचा नट फिरवून हँडब्रेकची केबल पार सैल करून दिली. गाडी थोडी हलकी झाली, सगळे खूष.

त्या वस्तीचे अंगण उताराचे आहे. आठ दिवसांनी भरदुपारी सवयीप्रमाणे दांडी वर ओढून, गियर न टाकता मालक जेवायला घरात गेले. दांडी वर होती, पण तिला धरायला काहीच उरले नव्हते, आणि वाटेत गाडी कुणी गियरमध्ये ठेवली नव्हती. डावे चाक किंचित धरून होते म्हणून ती थोडा वेळ थांबली, मग सरकू लागली. ओसरीच्या कडेला बाज होती. तासाभरापूर्वी त्या बाजेवर घरचा नातू निजलेला होता. आजीने ऊन आले म्हणून त्याला उचलून आत नेले होते. बाजेचे दोन्ही गाते मोडले आणि गाडी ओसरीच्या जोत्याला टेकून थांबली.

पुढे ड्रम उघडला तेव्हा काय निघाले ते नंतर सांगतो. आधी आतली रचना समजून घेऊ, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल.

मारुती ८०० ही गाडी १९८३ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या मागच्या चाकांना, तशीच ओमनी, प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर यांच्या मागच्या चाकांना ड्रमचे ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारे बिडाचे एक पसरट भांडे, तो ड्रम. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू. शूच्या पाठीवर लायनर. ब्रेक दाबला की शू बाहेर फाकतात, लायनर ड्रमला आतून घासतो आणि चाक थांबते. ब्रेक सोडला की स्प्रिंगा शूंना मागे ओढून घेतात.

आता लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की या शूच्या जोडीला मालक दोन आहेत. पायाचा ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलचा दाब व्हील सिलिंडरमार्फत शूंना फाकवतो. हँडब्रेक ओढला की केबल ड्रमच्या आतली एक छोटी पट्टी ओढते आणि ती पट्टी त्याच शूंना फाकवते. म्हणून 'हँडब्रेक चिकटला' असे आपण म्हणतो तेव्हा दोष तीन ठिकाणी असू शकतो. केबल अडली असेल, ड्रमच्या आत काही अडले असेल, किंवा हँडब्रेकचा बिचाऱ्याचा काहीच दोष नसून पायाच्या ब्रेकचा दाबच सुटत नसेल. यांतले कोणते, हे कळेपर्यंत नटाला पाना लावू नये.

आणि समोरच्या लाल दिव्यावर तर अजिबात विसंबू नका. दांडी वर आहे की खाली, एवढेच त्या दिव्याला कळते. शू खरोखर सुटले की नाही हे त्याला माहीत नसते.

चाक अडते आहे हे ओळखायचे कसे? पूर्ण जाम झाले तर प्रश्नच नाही. पण बहुतेक वेळा ते अर्धवट धरून राहते, आणि गाडी चालते म्हणून कुणी लक्ष देत नाही. नेहमीच्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी पूर्वी आपोआप सरकायची, ती आता सरकत नाही. निघताना मागचा भाग बसल्यासारखा वाटतो. पेट्रोल जास्त लागते. आणि जळका वास येतो. हा वास पुढे चालवणाऱ्याला उशिरा येतो, मागच्या सीटवरच्या माणसांना आधी येतो. मागे बहुधा घरातल्या बाया आणि पोरे बसलेली असतात. "काहीतरी जळतंय हो," असे वहिनी म्हणाल्या की "बाहेर कुणीतरी पाचट पेटवलं असेल," असे म्हणून गाडी हाकत राहण्याची आपल्याला सवय आहे. तसे करू नका. उतरून बघा.

बघायचे ते असे. आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून, शक्यतो ब्रेक कमी मारत, सपाट जागी थांबा आणि मागच्या दोन्ही चाकांची तुलना करा. हाताची पाठ चाकाच्या मधल्या भागाजवळ न्या, पण लोखंडाला हात लावू नका, भाजेल. धग एका बाजूला जास्त असली तर कळतेच. नाहीतर तवा तापला की नाही हे जसे पाण्याचा शिंतोडा मारून पाहतात, तसे चार थेंब दोन्ही चाकांच्या मधल्या लोखंडावर टाका. एकीकडे चर्रर झाले आणि दुसरीकडे थेंब नुसता ओघळला, तर रोगी सापडला. मात्र चारच थेंब. तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी ओतू नका, बीड तडकते. पुढच्या चाकांशी तुलना करण्यात अर्थ नाही, ती ब्रेक मारल्यावर एरवीही जास्त तापतात.

दोन्ही मागची चाके सारखीच तापली तर? मग दोष एका ड्रममध्ये असण्यापेक्षा दोन्हींना लागू असणाऱ्या ठिकाणी असण्याची शक्यता जास्त. दांडीच पूर्ण खाली जात नसेल, केबल फार ताणून बांधली असेल, किंवा ऑइलचा दाब राहत असेल.

यानंतर चाक उचलून पाहायचे. इथे एक अडचण ध्यानात घ्या. ही तपासणी हँडब्रेक सोडूनच करावी लागते, म्हणजे गाडीला धरून ठेवणारे दुसरे काहीतरी हवे. सपाट, कठीण जमीन निवडा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून, असे दोन्ही बाजूंनी चांगले मोठे दगड किंवा लाकडी ओंडके लावा. मारुती ८०० चे इंजिन पुढची चाके ओढते, म्हणून ती गियरमध्ये ठेवली तरी मागचे चाक फिरवून पाहता येते आणि पुढची चाके अडलेली राहतात. अँबॅसडर, पद्मिनी, ओमनी यांचे इंजिन मागची चाके ढकलते, तिथे न्यूट्रल करावेच लागते, म्हणून दगडांचा बंदोबस्त दुप्पट हवा. मातीत जॅक रुततो, त्याखाली जाड फळी घाला. एका वेळी एकच चाक उचला. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नका. खाली जायचे असेल तर लोखंडी घोडी लावा. पोरांना लांब ठेवा. जॅक सटकायला निमित्त लागत नाही.

दांडी पूर्ण खाली सोडून चाक हाताने फिरवा. हलकेसे खसखस वाजले तर हरकत नाही, पण हाताने फिरले पाहिजे. फिरत नसेल तर आता केबलची परीक्षा. केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकसारखीच, बाहेर नळी आणि आत तार. नळीच्या टोकाचे रबर फाटले की पाणी आत जाते, तार गंजते आणि ओढली जाते पण परत येत नाही. जुळवणीचा नट कुठे दांडीपाशी, कुठे गाडीखाली असतो. तो ढिला करताना आटे मोजा आणि किती फेरे सोडले ते कागदावर लिहून ठेवा. याच ठिकाणी बहुतेकांची चूक होते, नट फिरवला जातो आणि मोजला जात नाही, मग परत कुठे आणायचा ते कुणालाच माहीत नसते. केबल सैल होताच चाक मोकळे फिरू लागले, तर दोष केबलकडचा. तार नळीत हाताने मागेपुढे सरकवून बघा. सरकत नसेल तर केबल बदला. तिच्यात रॉकेल, डिझेल ओतून चार दिवस काम चालेल, पण आतले ग्रीस धुऊन निघेल आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. केबल ही बदलायची वस्तू आहे, तिला औषध नाही.

केबल सैल करून, तार हाताने लोंबकळते आहे इतकी मोकळी असूनही चाक फिरत नसेल, तर केबल निर्दोष आहे. नट मोजून होता तिथे परत आणा. आमच्या वस्तीवरच्या गाडीत याच ठिकाणी चूक झाली. नट सैल केल्यावर गाडी 'थोडी' हलकी झाली, पूर्ण मोकळी झाली नव्हती. तिथेच मेस्त्रीने थांबायला हवे होते.

पुढची परीक्षा ऑइलच्या दाबाची. ही जाणत्या मेस्त्रीकडूनच करून घ्या, पण तुम्ही शेजारी उभे राहा आणि काय होते ते डोळ्याने बघा. अडलेल्या चाकाच्या मागे हवा काढण्याचे निपल असते. त्याला पारदर्शक नळी लावून, दुसरे टोक बाटलीत सोडून, निपल थोडेसे उघडायचे. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक लगेच मोकळे झाले, तर दाब अडकून राहत होता. मग रबरी नळी आतून फुगून तिचे भोक बारीक झाले असेल, किंवा पेडलला थोडी मोकळी चाल हवी ती राहिली नसेल, किंवा मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल परत येण्याची वाट तुंबली असेल. नळी फुगण्याचे एक कारण आपल्याच हातचे असते. ब्रेक ऑइल कमी झाले म्हणून कुणीतरी इंजिन ऑइल किंवा हाती लागेल ते तेल ओततो. खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात. पुस्तकात लिहिले असेल तेच ब्रेक ऑइल घाला, आणि घरात काकवी, तेल, औषध यांच्या जुन्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका, विषारी असते. निपल पुन्हा आवळल्यावर ऑइलची पातळी आणि पेडलचा कडकपणा पाहिल्याखेरीज गाडी हलवायची नाही.

निपल उघडूनही चाक सुटले नाही, तर आता ड्रम उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. काही गाड्यांत ड्रम काढायला मधला नट आणि पुलर लागतो, म्हणून हातोड्याने बदडत बसू नका. उघडल्यावर ती काळी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या पंपाने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो छातीत गेला की कायमचे दुखणे होते. ओल्या फडक्याने पुसून काढायला सांगा.

त्या वस्तीवरच्या गाडीचा ड्रम दुसऱ्या मेस्त्रीने उघडला तेव्हा मी तिथे होतो. केबल चांगली होती. व्हील सिलिंडर चांगला होता. ड्रमच्या मागच्या पत्र्याला आत डोकावण्यासाठी एक भोक असते आणि त्याला रबरी बूच असते. ते बूच कधीतरी पडून गेले होते. शेतातली काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन त्या भोकातून आत गेली होती आणि केबलने ओढली जाणारी ती छोटी पट्टी जिथे खिळीवर फिरते, तिथे माती आणि गंज मिळून दगडासारखे झाले होते. केबल सोडली तरी पट्टी मागे येतच नव्हती. शिवाय गाडी रेटून काढताना लायनरचा एक तुकडा शूवरून उखडला होता, तो 'खट' आवाज त्याचाच. पट्टी आणि खिळी साफ केली, जिथे शू पत्र्याला घासतात तिथे उष्णता सोसणारे ग्रीस अगदी बोटाच्या टोकाइतके लावले, दोन्ही चाकांचे शू जोडीने बदलले आणि नवीन बूच बसवले. बुचाची किंमत चहाच्या दोन कपांइतकी असेल. ड्रमच्या आत ग्रीस लावताना हात आखडता हवा. लायनरला ते लागले तर पुढे ब्रेकच लागणार नाही.

कोकणातल्या वाचकांनी गंजाचा संशय सर्वांत आधी घ्यावा, खाऱ्या हवेत हे काम लवकर होते. भातखाचराच्या बांधावरून गाडी नेणाऱ्यांनीही.

'पण गाडी चालते आहे ना, मग घाई काय?' असे विचारणारे भेटतात, म्हणून सांगतो. घासत राहणारा ब्रेक तापतो आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते, पण ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ती मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि बुडबुडा दाबला की दबतो. घाट उतरताना पेडल दाबावे आणि ते ठणठणीत न लागता खाली जावे, याचे एक कारण हे आहे. म्हणून ऑइलही पुस्तकात दिलेल्या मुदतीला बदला. वाटेत असे झालेच तर पेडल भराभर पंप करा, गाडी खालच्या गियरमध्ये घ्या आणि थांबल्यावर चाके गार होईपर्यंत पुढे जाऊ नका.

पावसाळ्यानंतर जाम झालेली गाडी सोडवण्याची रीत वेगळी. नुसता गंज धरला असेल तर पहिल्या आणि मागच्या गियरमध्ये आळीपाळीने हलकेच हलवा. चाक उचलून ड्रमच्या तोंडावर लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोका, बहुधा सुटते. इंजिन ओरडेपर्यंत रेटून क्लच सोडू नका. सुटल्यावर थोडे अंतर सावकाश चालवून वर सांगितलेली थेंबांची परीक्षा करा. गाडी धुतली की लगेच हँडब्रेक ओढून उभी करू नका. ब्रेकला हलका पाय ठेवत फर्लांगभर फिरवून आणा, म्हणजे आतले पाणी सुकते.

आठ-पंधरा दिवसांहून जास्त उभी ठेवायची असेल तर सपाट जागी, गियरमध्ये, चाकांना दोन्हीकडून दगड लावून, हँडब्रेक सोडून ठेवा. उताराच्या अंगणात मात्र हे चालणार नाही. तिथे जागाच बदला. आठवड्यातून एकदा पाच-दहा हात पुढेमागे केलीत तरी पुरे. हाच नियम ट्रॅक्टरला जसाच्या तसा लावू नका, तिथे पेडल अडकवून ठेवणारी खुंटी असते आणि ती न सोडता ट्रॅक्टर हाकला तर लायनर त्याच दिवशी जळतो.

दुरुस्ती झाली की पैसे देण्याआधी दोन गोष्टी मेस्त्रीच्या समोर करा. दांडी वर ओढताना किती वेळा 'कट' वाजते ते मोजा आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पहा. एक-दोन दात्यांतच घट्ट झाली तर फार ताणली आहे, पार वरपर्यंत आली तर फार सैल. मग थोड्या चढावर, पुढेमागे कुणी उभे नाही हे पाहून, पाय ब्रेकवर तयार ठेवून, नुसत्या हँडब्रेकवर गाडी धरते का ते बघा आणि दांडी खाली करताच ती आपोआप सरकते का तेही बघा. घरी पोहोचल्यावर गाडीला हार घालण्याआधी मागच्या दोन्ही चाकांवर पुन्हा चार थेंब टाका.